गेममधलं जपान बघायला खऱ्या जपानला जावं का?

कोकम_सोडा

मंडळी, घरात शीतयुद्ध चालू आहे म्हणून हा धागा काढतेय. बऱ्याच वर्षांनी परदेशी फिरायला जायचे पैसे जमलेत. नवऱ्याचं लहानपणापासूनचं एकच स्वप्न, स्वित्झर्लंड. चिरंजीव नववीत, त्याला जपान. जपान म्हणजे फुजी नाही, देवळं नाही, चेरीची फुलं नाही. त्याला टोकियोच्या अकिहाबारात जाऊन जुन्या गेम्स बघायच्यात, क्योटोजवळ निन्टेन्डो या गेम कंपनीचं म्युझियम आहे म्हणे तिथं जायचंय, ओसाकाला ते मारिओचं पार्क आहे ते करायचंय आणि येताना नवीन स्विच (निन्टेन्डोचा गेमचा कन्सोल) घेऊन यायचाय. परवा रीतसर स्लाइड बनवून दाखवल्या त्याने आम्हाला. इतिहासाच्या प्रोजेक्टला एवढी मेहनत घेतली असती तर!

नवरा म्हणतो गेम घरी बसून खेळायची गोष्ट आहे, ती "बघायला" एवढी तिकिटं काढायची का. मी मधल्यामधे. सासूबाई पण येणार आहेत, त्या शुद्ध शाकाहारी आणि गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आमच्या तिघांपेक्षा जास्त.

तर प्रश्न असा की गेमवेडा मुलगा आणि गेममधलं ओ की ठो न कळणारे आईबाप आणि आजी, अशी वरात जपानला नेली तर सगळ्यांचं भागेल का? आणि फोन, इंटरनेट, पैसे वगैरेचं तिकडे काय करायचं असतं तेही सांगा. आमची मजल आजवर दुबईपर्यंतच.

आडवा_तिडवा

स्वित्झर्लंडला डोंगर, जपानला पण डोंगर. महाबळेश्वरला जा, उरलेल्या पैशात पोराला तीन कन्सोल आणि नवऱ्याला एक गाय घ्या. (हलके घ्या.)

गावठी_गेमर

ताई, जावा जपानला. बिनधास्त जावा.

मी सांगलीचा. आमच्या लहानपणी गेम म्हणजे तो टीव्हीला जोडायचा डबा आणि पिवळ्या कॅसेटी, वर "९९९९ इन १" लिहिलेलं आणि आत खऱ्या गेम पाच-सहाच, बाकी तीच मारिओ वेगवेगळ्या नावानं. चालली नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. कॉन्ट्रा गेमचा वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए हा कोड पाढ्यांच्या आधी पाठ झालेला. आम्हाला काय माहीत होतं की हा डबा म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल आहे, खरा फॅमिकॉम १९८३ साली जपानात आला आणि आपल्याकडं नव्वदच्या दशकात घरोघरी पोचले ते बहुतेक त्याचे चुलतभाऊ.

तर कंपनीच्या कामानं टोकियोला गेलो तेव्हा सुट्टीच्या दिवशी अकिहाबारात सुपर पोटॅटो नावाच्या दुकानात गेलो. अरुंद जिना, वरच्या मजल्यांवर दुकान, आणि आत गेल्या गेल्या भिंतभर कॅसेटी. रंगीत रंगीत, प्रत्येक गेमचा रंग वेगळा, लाल गुलाबी हिरव्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर किमतीची चिठ्ठी. सगळ्यात वर खेळायला जुनी मशिनं, नाणं टाका आणि बसा. मी तिथं किती वेळ होतो ते विचारू नका, कलीग कंटाळून जेवायला निघून गेले.

आता गंमत ऐका. अमेरिकेतल्या कॅसेटला ७२ पिना, जपानच्या कॅसेटला ६०. आणि आपल्या नकली डब्यालाही ६०च, कारण तो जपानी मॉडेलवरनं उचललेला. मी तिथनं एक जुनी कॅसेट आणली, सांगलीत माळ्यावरचा डबा काढला, साफ केला, घातली आणि चालू! फुंकर न मारता. बायको म्हणाली लग्नाच्या अल्बमकडं असं कधी बघितलं नाहीस.

विकत घ्यायचं असेल तर मात्र अकिहाबारा महाग आहे, टुरिस्ट लोकांनी भाव चढवलेत. ओसाकाला डेनडेन टाउन आहे तिथं बघा, नाहीतर कुठल्याही शहरात हार्ड ऑफ नावाच्या सेकंडहँड दुकानात "जंक" लिहिलेले क्रेट असतात ते उपसा. वाईट चीज निघाली तर तुमचं नशीब, परत घेत नाहीत.

मिसेस_के

गावठी_गेमर, ते फुंकर वालं वाचून हसले. आमच्या मुलाचा डबा मीच अडगळीत दिला होता, त्याने अजून माफ केलेलं नाही.

तळजाई

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. प्रवास कशासाठी करायचा? रोजच्या चाकोरीतून बाहेर पडायला. मुलं दिवसभर स्क्रीनमध्ये, आणि आपण लाखो रुपये खर्चून त्यांना नेणार कुठे तर स्क्रीनच्या जन्मगावी. मागच्या वर्षी युरोपात गेलो होतो, आमच्या ग्रुपमधला एक मुलगा रेल्वेच्या खिडकीबाहेर आल्प्स सरकत असताना हातातल्या कन्सोलवर कसलीतरी डोंगर चढायची गेम खेळत होता. बाहेर खरा डोंगर! आईवडील कौतुकाने बघत होते. मुलाला आत्ता काय हवंय यावर ट्रिप ठरवू नका, तो दहा वर्षांनी काय आठवेल यावर ठरवा.

निळीशाई

>>बाहेर खरा डोंगर!

तळजाई काका, तुमचं वाक्य पटलं पण निष्कर्ष नाही. तो मुलगा डोंगर बघत नव्हता कारण त्या डोंगराशी त्याची ओळखच नव्हती. ओळख असली की मुलं आपल्यापेक्षा जास्त बारकाईने बघतात, हा माझा अनुभव.

मी पॅरिसला गेले ती मुळात असॅसिन्स क्रीड युनिटी खेळून. २०१४ ची गेम, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं पॅरिस. त्यात नोत्र दाम चर्चवर मी इतक्यांदा चढलेय (गेममध्ये, खाली उतरा सगळे) की प्रत्यक्षात समोर उभी राहिले तेव्हा डावीकडच्या बुरुजाला हात कुठे धरायचे हे डोळे आपोआप शोधत होते. बरोबरची मैत्रीण आर्किटेक्ट, ती मला दाखवत होती त्यापेक्षा मी तिला जास्त दाखवलं. मग तिने माझी विकेट काढली. गेममध्ये जो टोकदार मनोरा आहे तो क्रांतीच्या वेळी तसा नव्हताच. आधीचा जुना मनोरा अठराव्या शतकाच्या शेवटी उतरवला आणि आपण फोटोत बघतो तो एकोणिसाव्या शतकात बांधला. गेमवाल्यांनी लोकांना ओळखीचं वाटावं म्हणून ठेवून दिला. आणि २०१९ च्या आगीत नेमका तोच कोसळला. ही चूक समजली तेव्हापासून मी त्या इमारतीबद्दल जेवढं वाचलंय तेवढं एमएला नव्हतं वाचलं.

आडवा_तिडवा

हो हो, आणि आगीनंतर ते चर्च त्या गेमवरून बघूनच परत बांधलं ना? व्हॉट्सॅपवर आलं होतं.

निळीशाई

नाही हो! ही अफवा फार फिरली. गेम बनवणाऱ्या युबीसॉफ्टने पाच लाख युरो दिले आणि आठवडाभर गेम फुकट ठेवली, इतकंच. बांधणाऱ्यांना उपयोग झाला तो अँड्र्यू टॅलन नावाच्या कला-इतिहासकाराने आगीच्या कितीतरी आधी लेझर स्कॅन करून ठेवला होता त्याचा. गेममधलं मोजमाप खेळाच्या सोयीने लांबवलेलं आखडलेलं असतं, त्यावरून कोण दगड कापणार? डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं परत, मी नवीन झाल्यावर अजून पाहिलेलं नाही.

पाचवा_गिअर

माझे पण दोन आणे. नागपूरचा माणूस, सध्या श्टुटगार्टला. इकडे यायच्या आधी दोन वर्ष युरो ट्रक सिम्युलेटर खेळत होतो, रात्री बायको झोपली की मी ट्रक घेऊन रॉटरडॅमहून प्रागला टमाटे पोचवतो. बायको विचारायची, बे, दिवसभर ऑफिसात काम करून रात्री फुकटात कोणाची ड्रायव्हरकी करतो?

पण भाऊ, इकडे आल्यावर पहिल्यांदा गाडी चालवली तेव्हा उजवीकडून चालवायची सवय आधीच झालेली. राउंडअबाउटला गोंधळलो नाही, निळ्या पाट्या ओळखीच्या. अंतराचा मात्र पार बोऱ्या वाजला. त्या गेममध्ये नकाशा १ ला १९ प्रमाणात आहे म्हणजे जर्मनी अर्ध्या तासात पार. डोक्यात तेच बसलेलं, मी पाहुण्यांना म्हणत होतो की काय, बर्लिन इथंच तर आहे.

आणि एक गोष्ट ट्रकने शिकवली नाही ती म्हणजे पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे ज्याचा हॉर्न मोठा तो आधी. भारतीय लायसन्स इथे सहाच महिने चालतं, नंतर परीक्षा द्यावी लागली, तिथे हा नियम डोक्यात ठोकून बसवला.

शेवटचा_बाक

गेममुळे शहर ओळखीचं होतं म्हणताय तर व्हाइस सिटीवाले (मायामीवर बेतलेली गेम) कुठे गेले? दहावीत असताना सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन खेळलेलो. मायामीला ओशन ड्राइव्हवर उभा राहिलो, ते गुलाबी-निळे हॉटेल, ताडाची झाडं, निऑनच्या पाट्या, आणि मला खरंच वाटलं की मी इथे राहून गेलोय. मागून पोलिसांची गाडी आली तर बोटं खिशातल्या खिशात लीव्हमीअलोन टाइप करत होती, गेममध्ये पोलीस पाठ सोडतात तो कोड.

गावठी_गेमर

पॅन्झर टाइप करायचं होतं, रणगाडा आला असता.

शेवटचा_बाक

अमेरिकेच्या व्हिसावर आहे हो, रणगाडा कुठे मागवताय.

मिसेस_के

मी वयाने इथल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठी, साठी उलटली. डोंबिवलीत संध्याकाळी चालायला जाते तेव्हा फोनवर पोकेमॉन गो, चालत फिरून काल्पनिक प्राणी पकडायची गेम, खेळते, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि नातवाने हे घालून दिलं, दोघांचंही ऐकते. यात काही प्राणी ठरावीक देशातच मिळतात. मिस्टर माइम युरोपात, कांगास्कान ऑस्ट्रेलियात, आणि ते हातात कांद्याची पात धरलेलं बदक, फारफेच, जपान-कोरियाकडे. लेकीकडे टोकियोला गेले तर आसाकुसाच्या देवळात सगळे धुपाच्या धुराचा हात डोक्यावरून फिरवत होते आणि मी देवळामागे बदक धरत होते. धरलं! तिथली माझ्याच वयाची एक जपानी बाई फोनवर तेच करत होती. तिला इंग्रजी येईना मला जपानी, तिने तिचा फोन दाखवला मी माझा, आणि आम्ही देवाणघेवाण केली. तिला दिलेला प्राणी मी डोंबिवली स्टेशनबाहेर पकडलेला. तिच्या फोनमध्ये त्याच्या खाली पकडल्याची जागा दिसते, ती बोट ठेवून वाचायचा प्रयत्न करत होती.

कोकम_सोडा, सासूबाईंना घेऊन जाच. फोनवर हे घालून द्या, गुडघ्यांची तक्रार कमी होईल.

तळजाई

मिसेस_के, तुमच्यापुढे हात टेकले. पण मुद्दा सोडत नाही :)

पट्टेवाला

धागा मजेत चाललाय, पण ताईंनी कामाचं विचारलंय ते कुणी सांगत नाहीये म्हणून मी सांगतो. ऑफिसातल्या साहेबलोकांच्या ट्रिपांची बुकिंगं करता करता जपान पाठ झालंय, स्वतःही गेलोय.

सगळ्यात आधी स्विच. स्विच २ जून २०२५ मध्ये आला तेव्हा जपानात ४९,९८० येनांना होता आणि सगळ्यांनी उड्या मारल्या की केवढा स्वस्त. तो स्वस्त मॉडेल फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्यात फक्त जपानचं अकाउंट घालता येतं. मेनू जपानी, सेटिंग जपानी. सगळ्या भाषांचा मॉडेल निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन स्टोअरवर आणि तेव्हा वीस हजार येन जास्त होता. दुकानात उभा राहून पोरगं हट्ट करेल, तेव्हा खोक्यावर काय लिहिलंय ते आधी बघा. माझ्या ओळखीतल्या एकाने आणलाय, त्याचा मुलगा आता जपानी शिकतोय, तेवढाच फायदा.

करमाफीचं पण ऐका. टुरिस्टला १० टक्के कर माफ असतो, पण ओरिजिनल पासपोर्ट लागतो, झेरॉक्स नाही चालत. आधी दुकानातच कर वजा व्हायचा, १ नोव्हेंबर २०२६ पासून पूर्ण पैसे भरायचे आणि विमानतळावर परत घ्यायचे. त्यामुळे कधी जाताय त्यावर आहे.

वीज तिकडे १०० व्होल्ट, पिना दोन चपट्या. फोन-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० असतात, नुसता अडॅप्टर न्या. स्विचचाही तसाच. पण तिकडून हौसेने राइस कुकर आणू नका, आपल्या २३० वर एका सेकंदात धूर. गावठी_गेमर, तुम्ही कॅसेट आणलीत ते बरं केलंत, खरा जुना फॅमिकॉम आणला असतात तर त्याचा अडॅप्टर पण १००चाच, शिवाय तो टीव्हीच्या ज्या चॅनेलवर दिसतो ते आपल्या टीव्हीत मिळायची मारामार.

पॉवरबँक चेक-इन बॅगेत टाकायचीच नाही, हातातल्या सामानात. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-तास, १०० च्या आत चालते, छापलेलं पुसलं असेल तर काढून घेतात. आणि जपानच्या विमानांत २०२५ पासून ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, समोर दिसेल अशी ठेवा.

कोकम_सोडा

बाप रे, पट्टेवाला दादा, खूप आभार. जपानी मॉडेलचं चिरंजीवांना वाचून दाखवलं. "मला माहीत होतं" म्हणाला. चेहऱ्यावरून वाटलं नाही.

ओटीपीचं काय? दुबईत माझं कार्ड चाललं पण ओटीपी येईना म्हणून दुकानात तोंड बघत उभी होते.

पट्टेवाला

आपलं सिम चालू ठेवा, निघायच्या आधी इथूनच रोमिंग सुरू करून घ्या, पण डेटा रोमिंग बंद. येणारा एसएमएस सहसा फुकट. इंटरनेटला वेगळं ई-सिम. फोन ई-सिमवाला आहे ना ते आधी बघा, नाहीतर तिकडे गेल्यावर कळतं. यूपीआय सिंगापूर, यूएई, नेपाळमध्ये चालतं म्हणून जपानातही चालेल या भरवशावर जाऊ नका, रोख येन ठेवा.

रेल्वेला सुइका कार्ड. आयफोन असेल तर फोनमध्येच घेता येतं. आपल्याकडे घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइडमध्ये जमत नाही, त्यांच्या कार्डाची चिप वेगळ्या पद्धतीची, सोनीची फेलिका म्हणतात ती, आपल्या फोनात ती नसते. मग विमानतळावर वेलकम सुइका घ्यायचं, २८ दिवस चालतं, उरलेले पैसे परत नाहीत. शेवटच्या दिवशी सगळे त्यावर चॉकलेटं घेतात.

श्री_आणि_सौ

आमचा नवरा-बायकोत हाच वाद झाला होता, एकाकडे आयफोन एकाकडे अँड्रॉइड. हे टिंग करून गेटातून पार आणि मी मशीनपुढे नोटा सरळ करत. सौ.

गावठी_गेमर

पट्टेवाला, रेल्वे पासचं पण सांगा. आमच्या वेळी सगळे घ्या म्हणायचे.

पट्टेवाला

आता हिशोब बसत नाही. सात दिवसांचा जेआर पास २९,६५० वरून ऑक्टोबर २०२३ मध्ये थेट ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनने (बुलेट ट्रेन) सव्वादोन तास, एका बाजूचे चौदा हजारांच्या आसपास. जाऊन येऊनसुद्धा पास वसूल होत नाही. टोकियोत उतरून ओसाकाहून परत असं तिकीट बघा, एक बाजू वाचते.

मधली_सुट्टी

निन्टेन्डो म्युझियमबद्दल मी सांगते, मागच्या वर्षी आईबरोबर जाऊन आले. ते क्योटोत नाही, उजीत आहे. पूर्वी त्यांचा कारखाना होता त्याच जागेत, ऑक्टोबर २०२४ ला उघडलं. तिकीट दारावर मिळत नाही. लॉटरी असते, तीनेक महिने आधी ऑनलाइन अर्ज करायचा, नंबर लागला तर पैसे भरायचे. मोठ्यांना ३,३०० येन होतं. आधी विमानाचं बुक करून मग लॉटरी लागली नाही असं होऊ शकतं, मुलाला आधीच सांगून ठेवा.

वरच्या मजल्यावर सगळी जुनी मशिनं मांडलीत, तिथे फोटो काढू देत नाहीत. सुरुवातीला मी वैतागले, पण मग लक्षात आलं की लोक चक्क बघतायत. बापलोक मुलांना सांगतायत की हे माझ्याकडे होतं, हे शेजाऱ्याकडे होतं. खालच्या मजल्यावर खेळायचं, तुमच्या कार्डावर दहा नाणी दिलेली असतात आणि प्रत्येक खेळाला काही नाणी जातात. एक कंट्रोलर एवढा मोठा आहे की एकाने दिशेचं बटण अंगाने दाबायचं आणि दुसऱ्याने उडीचं. आई दिशेवर, मी उडीवर. मारिओ पहिल्याच खड्ड्यात. "तू उशिरा उडी मारलीस" यावरून आमचं हॉटेलात पोचेपर्यंत चालू होतं.

पण आईला खरी मजा आली ती पत्त्यांची. निन्टेन्डो १८८९ साली सुरू झाली ती पत्ते करणारी कंपनी म्हणून, हानाफुदा नावाचे फुलांचे पत्ते, बारा महिन्यांची बारा फुलंझाडं आणि प्रत्येकाचे चार पत्ते. थोडे जास्त पैसे देऊन ते खेळायला शिकवतात. आई बदाम सात आणि रमीतली पक्की, दोन डावांत तिने शिकवणाऱ्या मुलीला विचारलं यात पैसे लावतात का. मुलगी लाजून हो म्हणाली, पूर्वी लावायचे.

त्याच उजीत ब्योदोइन देऊळ आहे, दहा येनच्या नाण्यावर छापलेलं, आणि गल्लीभर माचा चहाची दुकानं. म्हणजे मुलाचं म्युझियम आणि आजीचं देऊळ एका दिवसात होतं.

कोकम_सोडा

मधली_सुट्टी, हे वाचून सासूबाईंनी पत्त्यांचा कॅट शोधायला काढलाय.

आडवा_तिडवा

आजी तिकडून जिंकून आल्या तर विमानतळावर जाहीर करायला सांगा.

तळजाई

मधली_सुट्टीचं वर्णन आवडलं. तरी विचारतो, ताईंच्या नवऱ्याचं काय? मुलाचं झालं, आजीचं झालं. तो बिचारा आल्प्स सोडून आला, त्याने काय जंक क्रेट उपसायचे?

कोकम_सोडा

तळजाई काका, त्याचा विचार करणारे तुम्ही पहिलेच :) तो इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, घरी एक खोली सोल्डरिंगच्या वासाने भरलेली असते. गेम मात्र आयुष्यात खेळला नाही.

गावठी_गेमर

अहो मग आधी सांगायचं की!! अकिहाबारा मुळात गेमचं नाहीच. महायुद्धानंतर तिथं रेडिओचे सुटे भाग विकणारे बसायचे, त्यातनं ते वाढलं. स्टेशनला लागूनच रेल्वेच्या रुळाखाली रेडिओ सेंटर म्हणून अजून आहे. बोळ एवढा अरुंद की समोरून माणूस आला तर आडवं व्हायचं, आणि दोन्ही बाजूला कपाटाएवढी दुकानं. एकाकडं नुसते स्विच. एकाकडं नुसत्या वायरी, मीटरवर कापून देतो. एकाकडं जुने व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवलेले. दुकानदार आजोबा भिंगातनं काहीतरी जोडत बसलेले, वर बघत पण नाहीत. आपला मुंबईतला लॅमिंग्टन रोड इस्त्री करून घडी घातल्यासारखा. साहेबांना तिथं सोडा आणि तुम्ही तिघं फिरून या.

पाचवा_गिअर

नवऱ्याला तिथे सोडलं तर परत आणायची जबाबदारी कोणाची ते पण ठरवा.

कटिंग_चाय

थोडं अवांतर, जपानऐवजी कोरिया कुणी सुचवलं नाही? आमचा भाचा बीजीएमआयवाला, ती गेम बनवणारी क्राफ्टन कोरियाचीच. सोलमध्ये पीसी बांग असतात, आपल्या सायबर कॅफेचे श्रीमंत नातेवाईक, गुबगुबीत खुर्ची, मोठा स्क्रीन, आणि जागेवर बसून गरम रामेन मागवता येतं. भाचा तीन दिवस सोल बघायला गेला आणि सोलमधल्या खुर्च्या बघून आला.

फक्त एक, गूगल मॅप्सच्या भरवशावर जाऊ नका. मी गेलो तेव्हा त्यात चालत जायचा रस्ता दाखवतच नव्हतं, नकाशाचा डेटा देशाबाहेर देण्यावर त्यांची बंधनं होती. नेव्हर मॅप हे तिकडचं ॲप लागलं. जपानात उलट, गूगल मॅप्स प्लॅटफॉर्म नंबर आणि कुठल्या डब्यात चढावं ते पण सांगतं.

तळजाई

म्हणजे भाच्याने माझा मुद्दा सिद्ध केला.

कटिंग_चाय

केला :)

श्री_आणि_सौ

शाकाहाराचं राहिलं. सूप, नूडल्स, कधी नुसती उकडलेली भाजीसुद्धा माशाच्या पाण्यात असते, दाशी म्हणतात. "मांस नाही" म्हटलं तरी ते असतंच, मासा त्यांच्या लेखी मांसात धरत नाहीत. दुकानात भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यातला आंबट उमेबोशीचा आम्ही रोज खाल्ला, वेष्टनावरची यादी मात्र फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून तपासत होतो. टोकियोत निशि-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, तिथे वरणभाताची सोय होते. थेपले, मेतकूट आणि दाण्याची चटणी बॅगेत असू द्या. श्री.

आणि टॉयलेटचं सांगायला लाजतायत सगळे. सासूबाईंना सांगा काळजी नको, पाण्याची सोय घरच्यापेक्षा भारी, गरम पाणी, गरम सीट, फक्त बटणं नीट वाचून दाबा. आमच्या ह्यांनी न वाचता दाबलं होतं. सौ.

कोकम_सोडा

सगळ्यांचे खूप आभार, वाचनखूण साठवलीये. काल रात्री जेवताना धागा मोठ्याने वाचला. नवरा रेडिओ सेंटरपाशी आल्यावर "थांब, परत वाच" म्हणाला. नंतर एकटाच यूट्यूबवर ते बोळ बघत बसला होता. आज सकाळी म्हणतो, स्वित्झर्लंड काय पळून जात नाही.

म्हणजे जपान पक्कं धरूया. मेमध्ये जावं की दिवाळीत? आणि सामान घेऊन त्या बुलेट ट्रेनमधून चौघं कसे जाणार, सासूबाईंच्या हातात पिशवीसुद्धा द्यायची नाहीये मला.

मधली_सुट्टी

मेचा पहिला आठवडा नकोच. २९ एप्रिल ते ५ मे त्यांचा गोल्डन वीक, सगळा जपान घराबाहेर. दिवाळीत जा, यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, क्योटोची लाल पानं साधारण महिन्याच्या उत्तरार्धात भरात असतात, सुट्टी थोडी पुढे ओढता आली तर बघा. म्युझियमच्या लॉटरीला ऑगस्टचा अलार्म लावून ठेवा.

पट्टेवाला

आणि नोव्हेंबर म्हणजे कराचा नवीन नियम लागू, विमानतळावर वेळ हातात ठेवून पोचा.

सामानाला ताक्युबिन करा. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तिथे हजर. काळ्या मांजरीचं चित्र असलेली गाडी दिसेल. शिंकान्सेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वरची बॅग असेल तर त्यासाठी जागा वेगळी राखून ठेवावी लागते, त्यापेक्षा हे बरं. एका रात्रीपुरते कपडे आणि आजींची औषधं मात्र हातातल्या पिशवीत. पॉवरबँक त्या पाठवायच्या बॅगेत राहिली नाही ना तेही बघा.

शेवटचा_बाक

ताई, स्वित्झर्लंड हातचं गेलं म्हणून नवऱ्याने मनाला लावून घेऊ नये. फार्मिंग सिम्युलेटर नावाची ट्रॅक्टर चालवायची गेम आहे, ती बनवणारी कंपनी झुरिकजवळची आहे. पुढच्या वेळी तेच निमित्त.

कोकम_सोडा

कृपा करून हे चिरंजीवांपर्यंत पोचू देऊ नका, स्लाइड तयार होतील.

गावठी_गेमर

सुटकेसमध्ये जागा उरली तर एक काम होतं. डेनडेन टाउनमध्ये जंकच्या क्रेटमधनं एखादी कॅसेट, कुठली पण चालेल, रंग लाल असला तर बरं. पैसे आगाऊ पाठवतो.